‘संत तुकाराम’मधला गरुड बघून पोरं हसली. चित्रकलेच्या तासाला जुना सिनेमा दाखवावा कसा?

पाटी_आणि_खडू

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवायची, पंधरा ऑगस्टला फळा सजवायचा, पाहुणे येणार असले की दारात रांगोळी काढून घ्यायची, असा आमचा विषय. गणिताच्या सरांना तास कमी पडला की पहिला बळी आमचाच.

नववीच्या पोरांना स्थिरचित्र लावून दिलं की मला दरवर्षी एकच रोग दिसतो. समोर माठ, दोन कांदे आणि निळं फडकं. पोरं माठाकडे एकदा बघतात आणि मग मान खाली घालून डोक्यातला माठ काढतात. तोंड पूर्ण गोल, कारण तोंड गोल असतं हे त्यांना माहीत आहे. बूड सपाट, कारण माठ उभा आहे. दिसतं काय, ते कोणी बघत नाही. तेव्हा ठरवलं की यांना आधी बघायला लावू, पेन्सिल नंतर.

मी स्वतः बघायला शिकलो ते सिनेमातूनच. लहानपणी शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर शनिवारी संध्याकाळी जमिनीवर बसून मराठी सिनेमे पाहिले. पुढं कोल्हापुरात डिप्लोमा करताना एका फिल्म सोसायटीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये १९३६ चा ‘संत तुकाराम’ पुन्हा पाहिला आणि चक्रावलो. लहानपणी देवाचा सिनेमा म्हणून पाहिला होता. आता दिसली ती भिंत. तुकोबांची बायको आवली, तिच्या घराची भिंत! तिच्यावर पडलेला उजेड, कोपऱ्यातला काळोख, आणि त्या काळोखात बसून भांडणारी बाई. असं घर मी कुठल्याच पौराणिक सिनेमात पाहिलं नव्हतं. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल मुळात ब्रश धरणारी माणसं, हे तेव्हा कळलं आणि सगळं जुळलं असं वाटलं.

तर गेल्या शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास मागून घेतले. खिडक्यांना सतरंज्या लावल्या, गणपती मंडळाचा एक स्पीकर आणला. एकतीस पोरं. पूर्ण सिनेमा सव्वादोन तासांच्या आसपास आहे, तेवढा वेळ कुठला? म्हणून मधले तुकडे निवडले. आजारी पोराला फरफटत देवळात नेऊन आवली पांडुरंगावर चप्पल उगारते तो प्रसंग, तुकोबाला शोधत ती रानात भाकरी घेऊन जाते तो, आणि शेवटचं वैकुंठगमन. पहिले दोन चांगले गेले. चपलेला तर टाळ्या पडल्या. आणि मग तुकोबाला वैकुंठाला न्यायला आकाशात तो गरुड आला.

एकानं फिसकन हसून सुरुवात केली आणि सगळा वर्ग सुटला. “सर, जत्रेतला पाळणा!” मागच्या बाकावरून आवाज आला. मी रागावलो नाही, पण काहीतरी आत बसलं. कारण खरं सांगतो, मलाही तो गरुड कधी आवडलेला नाही.

आता माझा प्रश्न. ज्या दोन चित्रकारांनी घरातला चुलीजवळचा अंधार इतका खरा उभा केला, त्यांनीच शेवटी हे कॅलेंडर का टांगलं? जमत नव्हतं म्हणून, की हवं होतं म्हणून? आणि दुसरं, पोरांना हे कसं दाखवावं? कुठून सुरू करावं? तुमच्यापैकी कोणी मुलांना जुने सिनेमे दाखवले असतील तर सांगा. ‘आजकालच्या पोरांना रील्सशिवाय कळत नाही’ हे ऐकायचं नाहीये. माझी पोरं दोन तास ऊस तोडायला थांबतात, सिनेमाला का नाही थांबणार?

---

रंकाळ्याचा_म्हातारा

गुरुजी, नमस्कार. वय ७८. टाइप करायला नातू बसलाय, चुका त्याच्या.

आमचे वडील पडदे रंगवायचे. नाटकाचे, मेळ्यांचे, जत्रेत येणाऱ्या कंपन्यांचे. घरात कायम सरस उकळत असायचा. त्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला विचारा, आमची आई पडदा सुरू असला की माहेरी जायची. सरसात रंग कालवायचा, जमिनीवर कापड अंथरायचं आणि अनवाणी पायानं त्याच्यावर चालत राजवाडा काढायचा. जवळून बघितलं तर नुसते फटकारे. चाळीस फुटांवरून बघितलं की खांब गोल व्हायचे. वडील म्हणायचे, पडदा जवळून बघणाऱ्याला तिकीट देऊ नये.

त्यांच्या तोंडी कायम एकच नाव, बाबूराव. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांना जग बाबूराव पेंटर म्हणतं. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव, दोघं पडदे रंगवून नावारूपाला आले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श या नाटक कंपनीसाठी त्यांनी काम केलं. मग फाळक्यांचा सिनेमा बघून दोघांना वेड लागलं. कॅमेरा विकत घ्यायची ऐपत नाही. मग जुनं यंत्र आणून, खोलून, स्वतःच कॅमेरा बनवायला बसले. आनंदराव १९१६ ला गेले, कॅमेरा त्यांनी पाहिला नाही. बाबूरावांनी तो पुरा केला. कंपनी काढायला पैसा घातला तो तानीबाई कागलकर या गायिकेनं. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळे कॅमेऱ्याचं सांगतात, तानीबाईंचं कोण सांगत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी. कोल्हापुरात आलात तर खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, बघून जावा. बाजूला वडापावची गाडी असते, तो पण बरा असतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आपण एक गोष्ट विसरतो. ज्या माणसाचं पोट रंगवलेल्या पडद्यावर चाललं, त्यानंच सिनेमात रंगवलेला पडदा काढून टाकला. बाबूरावांनी कॅमेऱ्यासमोर खरी खोली बांधली, म्हणजे भिंतीला जाडी, खांबाला मागची बाजू. आधी कागदावर सेटची नि कपड्यांची चित्रं काढायची, मग सुताराला बोलवायचं. का? तर पडद्यावर उजेड रंगवावा लागतो. पेंटरनं एका बाजूनं पिवळा मारला की सावली कायमची तिथंच. खऱ्या खांबावर उजेड फिरतो, आणि तो फिरवायला माणूस लागतो. पडदेवाल्याला हे जेवढं कळतं तेवढं दुसऱ्याला नाही कळत, कारण त्यानं आयुष्यभर उजेडाची नक्कल केलेली असते.

१९२० चं ‘सैरंध्री’ बघून टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. कीचकवध इतका खरा वाटला की थेटरात लोक घाबरले. १९२५ चं ‘सावकारी पाश’ तर गरीब शेतकऱ्याचं. त्यात व्ही. शांताराम पोरसवदा शेतकरी झाले होते. मूकपट आता कुठं मिळत नाही. पण ज्यांनी पाहिला त्यांनी लिहून ठेवलंय की अंधारात एक झोपडी आणि तिच्यासमोर भुंकणारं कुत्रं, एवढ्यावर माणसं सुन्न व्हायची. मूकपटात कुत्र्याचा आवाज ऐकू आला असं सांगणारे होते.

दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर, सगळे या एका माणसाच्या हाताखाली तयार झाले. १९२९ ला बाहेर पडून कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली, तिचाच ‘संत तुकाराम’, १९३३ ला पुण्याला गेले. तेव्हा आवलीची भिंत ही बाबूरावांची भिंत आहे, गुरुजी. आणि गरुड? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पडदेवाल्याच्या पोराला गरुड बघून हसू येत नाही. ज्यांनी पडदा टाकून दिला त्यांनी शेवटी मुद्दाम एकदा पडदा सोडला. घर खरं, स्वर्ग पडदा. खोटं कुठं वापरायचं हे त्या दोघांना पक्कं माहीत होतं.

नातू म्हणतोय लांब झालं. झालं तर झालं.

---

नायट्रेट_पुणे

वरचं वाचून गप्प बसावं असं वाटलं, पण शिकवण्याबद्दल चार शब्द लिहितो. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर प्रभातची आठवण अजून जिवंत आहे, त्यामुळे तिथं वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे सिनेमे पुन्हा पुन्हा बघायला मिळाले. आणि जानेवारी २००३ मध्ये तिथल्याच नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागून प्रभातच्या मूळ निगेटिव्ह गेल्या, तेव्हापासून मी हे नाव घेऊन हिंडतो. नायट्रेट फिल्म स्वतःच पेट घेऊ शकते आणि पेटली की पाण्यानं विझत नाही. आज आपण जे बघतो ते प्रतींच्या प्रती आहेत. सर, तुमच्या पोरांना भिंतीवरचा काळा नीट दिसला नसेल तर त्यात गरुडाचा दोष थोडा आणि प्रतीचा बराच.

सुरुवात शेवटापासून करू नका. सुरुवात सुरुवातीपासून करा. पहिल्या दहा मिनिटांत सगळा सिनेमा सांगितलाय. तुकोबा विठ्ठलासमोर बसून ‘पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी’ म्हणतायत, हलत नाहीत, कॅमेराही फार हलत नाही. आणि मग तेच त्यांच्यावर जळणारा सालोमालो आपल्या नावावर खपवतो, हातवारे करून, नटवून. एकच गाणं, दोन शरीरं. हे आवाज बंद करून दाखवा! पोरांना विचारा, यातला खोटा कोण, आणि तुला कशावरून कळलं? उत्तर हातात सापडेल. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे, म्हणजे हात कसा नाचवावा हे त्यांना येत होतं. त्यांनी तो नाचवला नाही, हे बघण्यासारखं आहे.

चित्रकलेचे मास्तर म्हणून तुम्ही पोरांना ‘डोळे बारीक करा’ सांगतच असाल. तेच पडद्यासमोर सांगा. डोळे बारीक केले की चेहरा जातो आणि काळ्या-पांढऱ्याचे तुकडे उरतात. दृश्य थांबवून दोन मिनिटांत कोळशानं फक्त तीन छटा काढायला लावा. चौकट जवळजवळ चौकोनी आहे, तेव्हा एका पुठ्ठ्याला तशी खिडकी कापा, ती डोळ्यासमोर धरून वर्गातलं दृश्य बघायला लावा. पोरांना हे खेळासारखं आवडतं.

मग त्याच्या उलट एक प्रयोग. १९३७ चा ‘कुंकू’ लावा आणि प्रोजेक्टर बंद ठेवा, नुसतं ऐका. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलं नाही, घरातले रोजचे आवाज ठेवले. घड्याळ ऐकू येतं. कान टवकारले की डोळेही टवकारतात, हा माझा अनुभव.

आणि एक फुकटची गंमत. गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’मध्ये वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत आठवतो? कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी तो आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत वळवून केला. तुमच्याकडे ऊन आहे, आरसा आहे, आणि सतरंज्या झटकल्या की धूळ आहे. बाकी काय लागतं?

---

सरळ_बोलतो

एवढं गोड गोड वाचून तोंड आंबट करावंसं वाटलं. माफ करा.

१९३६ साली त्यांच्याकडे जेवढं तंत्र होतं तेवढं वापरलं. गरुड डळमळतो कारण तो डळमळत होता. त्यात ‘मुद्दाम पडदा सोडला’ वगैरे आपण आज बसून लावलेलं शहाणपण आहे. दामले ध्वनीचे आणि यंत्राचे जाणकार होते, त्यांना चांगला गरुड जमला असता तर त्यांनी चांगलाच गरुड केला असता. त्यांनी ट्रिकसीन अभिमानानं केलेत. शिवाजी महाराजांना शत्रू शोधायला येतो आणि बघावं तिकडे शिवाजीच दिसतात, तो प्रसंग बघा. ते काय विनोद म्हणून केलं होतं?

आणि पोरं हसली तर हसू दे की. थेटरात माणसं हसतातच.

---

पाटी_आणि_खडू

आजोबा, तुमच्या सरसाच्या वासानं मला माझ्या पहिल्या वर्षाची खोली आठवली. कॅनव्हासला सरस लावताना आमच्या घरमालकिणीनं दोनदा पोलीस बोलवायची धमकी दिली होती. खरी कॉर्नरवरून शेकडो वेळा गेलोय, स्तंभाजवळ एकदाही थांबलो नाही. पुढच्या खेपेला थांबेन.

सरळ_बोलतो, तुमचं म्हणणं अर्धं पटतं. त्या दोघांच्या डोक्यात काय होतं ते मला कळणार नाही. पण एक सांगतो. रात्री परत तो शेवट लावला आणि गरुड झाकला. म्हणजे खरंच, स्क्रीनच्या वरच्या भागावर वही धरली. खाली उरलेली माणसं बघितली. आणि मग आवली. तुकोबा तिला चल म्हणतात, ती मुलांसाठी मागं राहते. गरुड नसताना तो शेवट कोरडा झाला, तुम्हाला सांगतो. वही काढली आणि परत भरला. मग तो वाईट गरुड तिथं काहीतरी काम करतोय ना? काय, ते अजून सांगता येत नाही.

---

अभ्रक

मी लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली जुनी चित्रं, गोळा करते. म्हणजे नवऱ्याच्या भाषेत, भंगारवाल्याच्या आधी पोचते. सरांच्या ‘कॅलेंडर का टांगलं’ या वाक्यावर थांबले, म्हणून लिहिते.

आमच्या आजीच्या देवघरात गरुडावर बसलेल्या विष्णूचं एक छापील चित्र होतं. रवि वर्मा छापखान्याच्या पद्धतीचं. आजीच्या सासूनं त्यातल्या देवाच्या पितांबरावर जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. कागदावर, सुईनं! चेहरा छापलेला, कपडा शिवलेला. त्या काळात घरोघरी बायका हे करायच्या, असे नमुने माझ्याकडे अजून सात आहेत. माझ्या आजीला देव कसा दिसतो हे शिकवलं ते या छापांनी. देवळातला देव अंधारात, काळा, फुलांखाली. भिंतीवरचा देव गुलाबी, डोळे उघडे, तुमच्याकडे बघणारा.

आणि सिनेमाचा या छापखान्याशी रक्ताचा संबंध आहे. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफी केली, आणि लोणावळ्याजवळच्या रवि वर्मांच्या छापखान्यासाठी ब्लॉकचं काम केलं. मग १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’. आपल्याकडचा सिनेमा आला तोच मुळी दगडावरच्या शाईतून, असं मी म्हणते. नवरा म्हणतो अतिशयोक्ती. असेल.

तेव्हा १९३६ च्या प्रेक्षकाला तो गरुड खोटा वाटायचं कारणच नव्हतं. तो त्याच्या ओळखीचा होता. घरातल्या भिंतीवरून उतरून तो पडद्यावर आला. मुंबईत सेंट्रल सिनेमात हा चित्रपट सत्तावन्न आठवडे चालला. लोक काही भिंतीवरचा उजेड बघायला येत नव्हते, सर. पण व्हेनिसला १९३७ मध्ये त्याचा गौरव झाला तो ज्यांच्या घरात असं चित्र नव्हतं अशा माणसांसमोर. मला वाटतं तिथं आवलीनं काम केलं.

आवली करणाऱ्या गौरीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. ती मोठी नटी नव्हती, कंपनीत साधी कामं करून वर आलेली बाई. म्हशीशी बोलताना बघा तिला. म्हशीला मालकीण बदलल्याचा संशयही येत नाही.

पोरांना फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ दाखवा. कृष्ण झालीय ती त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, सातेक वर्षांची. फाळके आधी तिचा साधा चेहरा दाखवतात, ती वेगवेगळे भाव करते, आणि मग ती कृष्ण होते. म्हणजे ‘ही माझी पोर आहे, आता बघा’ असं सांगून जादू करायची. तुमची पोरं यावर हसणार नाहीत. किंवा हसतील, पण वेगळं हसतील.

---

रंकाळ्याचा_म्हातारा

अभ्रकताई, आमच्या आईच्या देव्हाऱ्यात पण तसंच टिकल्यांचं चित्र होतं, लक्ष्मीचं. कुठं गेलं देव जाणे. सात आहेत म्हणता, सांभाळा.

सरळ बोलणाऱ्यांना एवढंच सांगतो, की ‘आधी बीज एकले’ हे तुकोबांचंच म्हणून आम्ही लहानपणी भजनात म्हणायचो. ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. नवी वस्तू जुनी वाटावी अशी करायची कला त्या मंडळींना येत होती. मग जुनी वस्तू जुनीच दिसू द्यायची हेही ते ठरवून करू शकत होते. वाद संपला असं नाही म्हणत. नातू झोपला.

---

सरळ_बोलतो

आजोबांपुढे काय बोलणार! ‘आधी बीज’चा मुद्दा मान्य. गरुडाचा अजून नाही.

---

पाटी_आणि_खडू

मंडळी, कालचा शनिवार झाला. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी मनापासून सांगितलंत.

आधी पुठ्ठे. बुटांच्या खोक्यांची झाकणं गोळा केली, खिडक्या कापल्या. पहिली पंधरा मिनिटं सगळी शाळा चौकटीतून बघून झाली. शिपाईमामा तीनदा चौकटीत सापडले आणि चौथ्या वेळी झाडू घेऊन आले.

मग आवाज बंद करून पहिला प्रसंग. खोटा कोण, म्हटल्यावर सगळे हात वर. सालोमालो. कशावरून? मला वाटलं होतं हात म्हणतील. एक पोरगा म्हणाला, “सर, तो आपल्याकडं बघतोय, आणि पहिला देवाकडं बघतोय.” मी इतक्या वेळा पाहिलाय हा सिनेमा, मला हे शब्दांत कधी मांडता आलं नव्हतं. त्या पोराला चित्रकलेत मी सहामाहीला क दिलाय. दुरुस्त करावं लागेल.

आरशाचा प्रयोग फसला, आभाळ होतं. ‘कुंकू’ ऐकवला, पण माझ्याकडच्या प्रतीत खरखर इतकी की घड्याळ कुठलं आणि खरखर कुठली, कळेना. तरी त्यातले तरुण मुलीशी लग्न केलेले म्हातारे काकासाहेब मिशीला कलप लावतात तिथं आवाज बंद करून चित्र लावलं. त्या आरशासमोरच्या म्हाताऱ्याला बघून पोरं हसली, आणि हळूहळू गप्प झाली. मीही. पन्नाशी ओलांडल्यावर तो प्रसंग आता निराळाच दिसतो, ते जाऊ दे.

शेवटी गरुड. या वेळी आधी सांगितलं की तुमच्या घरात देवाचं जुनं छापील चित्र आहे का? अकरा हात वर. मग लावला. हसली, पण कमी. “हा आमच्या आज्जीच्या कपाटावर आहे” असं दोघी म्हणाल्या. लगेच प्रोजेक्टर बंद केला आणि म्हटलं, चला, स्मरणचित्र. वीस मिनिटं. सिनेमातलं जे आठवेल ते, पण एकच चौकट.

एकतीस कागद घरी आणले आहेत, पसरून बसलोय. गंमत बघा. ज्या गरुडावर सगळे हसले, तो एकोणीस कागदांवर आहे. काहींनी त्याला विमानाची शेपटी दिलीय. पाच चपला आहेत, त्यातल्या दोन स्पोर्ट्स शूज. म्हैस चार ठिकाणी, आणि त्या चारही म्हशी अव्वल, आमच्या पोरांना म्हैस शिकवावी लागत नाही. एकानं फक्त शिपाईमामा काढलेत.

एक कागद मात्र सकाळपासून बाजूला ठेवलाय. खाली आवली, पाठमोरी, कडेला मुलं. भिंत एका बाजूला, तिच्यावर तीन छटा, सांगितल्याप्रमाणे. आणि वरचा अर्धा कागद पूर्ण कोरा. मी खूश होऊन त्या मुलीला विचारलं होतं, वर काहीच का नाही काढलंस गं? मनात म्हटलं, हिला कळलं. ती म्हणाली, “सर, गरुड काढायचा होता. बेल झाली.”

‘कुंकू’ची जरा स्वच्छ आवाजाची प्रत कोणाकडे असेल तर कळवा. पुढच्या शनिवारी घटक चाचणी आहे, त्याच्या पुढचा माझा आहे.